दोन्ही नावं एकाच बाईची

"ही बाई कोण?" फाइलवाल्या काकांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याची पहिली बायको."

"आणि ही?"

"तीच."

"मग नावं दोन कशी?"

त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे फिरवले. एक चार वर्षांपूर्वी भरलेल्या व्हिसाच्या अर्जाची प्रत, दुसरा मृत्यूचा दाखला. अर्जावर सासरचं नाव होतं, दाखल्यावर माहेरचं. तीन महिने मी हे कागद पिशवीतून नेत-आणत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते मी. गिऱ्हाइकाच्या नंबरात पावाचा फरक पडला तरी मला कळतो.

"यात काय एवढं?" मी म्हटलं. "लग्नानंतर नाव बदललं, एवढंच ना?"

"तुम्हाला कळलं, मला कळलं. मुलाखत घेणाऱ्याला कळायला कागद लागतो." काकांनी दोन्ही कागदांवर एकेक बोट ठेवलं. "त्यांच्या दप्तरी या माणसाला एक बायको आहे. तिनं अर्ज केला, तारीख घेतली आणि त्या तारखेला आलीच नाही. आता तुम्ही म्हणता ती वारली. पण कागदावर वारलीय ती भलत्याच नावाची कुणीतरी. म्हणजे त्यांच्या लेखी ही अजून आहे."

काका अगदी सहज बोलून गेले. जिन्याखालच्या त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन चालू होतं, त्याचा उजेड सरकत त्यांच्या तोंडावरून गेला. मला उगाचच मागं वळून दाराकडे बघावंसं वाटलं.

"तिची फाइल मीच केली होती," ते म्हणाले. "छत्तीस कागद. एक कमी नाही, एक जास्त नाही. इतकं टापटिपीचं माणूस मी पाहिलं नाही. मुलाखत सोमवारी होती आणि बाई रविवारी गेली."

मग त्यांनी उपाय सांगितला. रक्ताच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र हवं. दोन्ही नावं एकाच बाईची आणि ती बाई मयत, असं लिहून नोटरीसमोर सही. "आई आहे ना तिची? मग झालं. नऊ दिवस आहेत हातात."

मी उठायला लागले तसं त्यांनी हातानं खाली बसवलं. "प्रश्नांची तयारी? नवरा कुठल्या कुशीवर झोपतो?"

मी आठवत नाही म्हटलं.

"लग्नाला चौदा महिने झाले, पण आम्ही एकत्र पाचच आठवडे होतो," मी म्हटलं. "मग ते परत गेले."

"पाच आठवड्यांत माणसाला एक तरी कूस असतेच की. बाई, लग्न खरं आहे ना तुमचं?"

खरं होतं. नवऱ्याची चुलत बहीण आमच्या दुकानात चष्मा करायला आली, दोनदा काच बदलून घेतली आणि तिसऱ्यांदा स्थळ घेऊन आली. मी पस्तिशीची. भावाच्या घरी राहायचे. भाऊ कधी काही बोलला नाही, वहिनीही तशी वाईट नव्हती, पण व्हिसाची तारीख आली त्याच दिवशी तिनं टेप आणून माझ्या खोलीच्या भिंती मोजल्या होत्या. नवरा परदेशात लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. मोजकं बोलतो. पहिल्या बायकोबद्दल एकदाच बोलला होता, "होती, आता नाही," एवढंच. ते पाच आठवडे तो रात्री माझ्याकडे पाठ करून झोपायचा. कुशीचं मी विसरले नव्हते. मला उत्तर सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवऱ्याचा नेहमीचा फोन आला, तेव्हा मी प्रतिज्ञापत्राचं सांगितलं.

"त्यांच्याकडे जावं लागेल?" ते म्हणाले.

"हो. तुम्ही आधी एक फोन कराल का त्यांना?"

"चार वर्षांत केला नाही. आता कोणत्या तोंडानं करू? तूच जा."

*

तिसऱ्या मजल्यावर दारासमोर उभी राहिले तरी माझं ठरत नव्हतं, की हिला हाक काय मारायची. आपल्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावापासून बायकोच्या धाकट्या बहिणीपर्यंत सगळ्यांना शब्द आहेत. नवऱ्याच्या मेलेल्या बायकोच्या आईला नाही.

दार एका बुटक्या, काटक म्हातारीनं उघडलं. गळ्याशी कपड्यात सुई खोचलेली, दातात दोरा.

"कोण?"

"मी... म्हणजे तुमचे जावई... त्यांची..."

"दुसरी," ती म्हणाली. दोरा तोडला. "ये आत."

एकच खोली होती. भिंतीशी पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे. शाळांच्या गणवेशांना काजं करून द्यायची ती, हातानं. मधे एक टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या, कचेरीत असतात तशा. मी अलीकडची खुर्ची ओढली.

"तिथं नको. तिथं ठकी बसते."

ठकी हे तिच्या मुलीचं घरचं नाव. बसायची नाही म्हणाली, बसते म्हणाली. मी स्टुलावर टेकले.

"काकू, माझं एक काम होतं—"

"काकू कशाला? काका जाऊन वीस वर्षं झाली. मावशी म्हण. सवतीची आई नात्यानं कोण लागते ते ठरवत बसायला वेळ नाही मला."

मी मावशी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि बोटं चालू होती. काजाच्या कडेनं टाका, टाक्याला गाठ, पुन्हा टाका. मी प्रतिज्ञापत्राचा कागद पुढं केला. तिनं घेतला नाही.

"चष्मा मोडलाय माझा."

"सही करायला मी जागा दाखवते ना."

"न वाचता सही करत नाही मी. एकदा केली होती, दवाखान्यात. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"मग ही काजं कशी करता?"

"काजं बोटांनी होतात," ती म्हणाली. "वाचायला डोळे लागतात. चहा घेणार असशील तर बस, नाहीतर मला तीस शर्ट द्यायचेत उद्या."

टेबलावर चष्मा पडला होता. एका काडीचा स्क्रू पडून गेलेला, तिथं पांढरा दोरा गुंडाळलेला. माझ्या धंद्यात याला मोडणं म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर मी बारीक स्क्रूड्रायव्हर आणि चिमूटभर स्क्रू घेऊन गेले. दोरा सोडवला, काडी बसवली, नाकावरचे पॅड सरळ केले, काचा पुसून तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून आधी मला पाहिलं.

"अगं, तू तर चांगली मोठी आहेस. आवाजावरून पोरगी वाटली होतीस."

"छत्तीस."

"ठकी चौतिसाची असती." आणि मग कागद घेतला.

तिचे ओठ हलत होते. एका ओळीशी थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा त्याच ओळीशी आले आणि थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तीन ओळींत बसवली की रे," ती कागदालाच म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "माहेरचं नाव मीच सांगितलं. खिडकीवर विचारलं, पेशंटचं नाव? सव्वीस वर्षं जे तोंडात होतं तेच आलं. लग्न झालेलं त्या वेळी आठवलंच नाही मला. त्याचं एवढं होईल असं काय माहीत."

"मावशी, सही..."

"घोड्याचा पत्ता नाही आणि लगामाची घाई! सही घेऊन जाशील आणि तिथं जाऊन तोंड आवळून बसशील. ऊठ तिथून. इकडं बस." तिनं ठकीची खुर्ची दाखवली. स्वतः पलीकडच्या खुर्चीत जाऊन ताठ बसली. शर्ट मांडीवर, सुई हातात. आवाज एकदम बदलला, छापील झाला.

"तुमचे पती कामावरून घरी आल्यावर सर्वप्रथम काय करतात?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"मोजे काढतात," मी म्हटलं.

"चूक. खिडकी उघडतात. बाहेर पाऊस असो, थंडी असो. दिवसभर लिफ्टच्या डक्टमध्ये लटकलेला माणूस, त्याला आधी हवा लागते. मोजे नंतर. पुढं. पतीच्या शरीरावरील खूण?"

"कपाळावर तीळ."

"तीळ काय, कुणालाही दिसतो. डाव्या गुडघ्याखाली भाजल्याचा डाग. वेल्डिंगची ठिणगी. पुढं. पती कोणत्या कुशीवर झोपतात?"

तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"भिंतीकडं तोंड करून," मी खालच्या आवाजात म्हटलं. "माझ्याकडं पाठ."

"बरोबर." टाका घातला, गाठ ओढली. "त्याला पाठीला मोकळं लागतं. ठकी पहिल्यांदा रडली होती यावरून. मग कळलं. पाठीवर नुसता हात ठेवला की झोपतो गडी, लहान पोरासारखा. पुढं."

पुढचा प्रश्न मला ऐकूच आला नाही.

*

त्यानंतर मी रोज जायला लागले. दुकान सहाला सुटायचं, सव्वासहाला मी त्या खुर्चीत. तिला सगळं पाठ होतं. चार वर्षांपूर्वी महिनाभर त्या मायलेकी अशाच बसायच्या, आणि खुर्च्या तेव्हापासून हलल्या नव्हत्या. पतीला चिडल्यावर काय करण्याची सवय आहे? शीळ घालतात. पती कोणती भाजी खात नाहीत? भोपळा, पण कुणी सांगितलं नाही तर खातात. पतीची आई कोणत्या आजारानं वारली, पतीनं पहिली नोकरी का सोडली, पतीला कशाची भीती वाटते?

"लिफ्टचा माणूस, त्याला कसली भीती?" मी म्हणायचे.

"जिन्याची," ती म्हणायची. "उतरताना कठडा सोडत नाही. बघ तू."

माझा नवरा मला असा कळत गेला. एका म्हातारीच्या तोंडून, तिनं लेकीच्या तोंडून ऐकलेला. दुकानात काचा घासताना मी उत्तरं पुटपुटायचे, आणि कधीकधी अशी काही लकब माझ्या जिभेवर यायची जी माझी नव्हती. मी 'म्हणजे असं बघा' कधी म्हणत नाही. म्हणायला लागले. आरशात गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवताना मागं उभी असलेली मी क्षणभर कुणीतरी वेगळीच दिसायचे. मालक म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना? जेवत नाही की काय?"

एकदा उत्तर देताना मी पुढं वाकले तर मावशी सुईवरची नजर न काढता म्हणाली, "ठके, नीट बस."

मी नीट बसले. तिच्या हातातला दोरा मात्र गुंतला आणि तो सोडवायला तिला बराच वेळ लागला.

रविवारी पहाटे फोनवर मी नवऱ्याला म्हटलं, "घरी आलात? खिडकी उघडलीत का?"

"उघडतोय," ते म्हणाले. आणि मग, "तुला कसं माहीत?"

"मावशींनी सांगितलं. ठकीच्या आईनं."

पलीकडून खिडकी उघडल्याचा आवाज आला. "त्या कशा आहेत?" असं त्यांनी विचारलं, पण इतक्या उशिरा, की मी फोन ठेवायच्या बेतात होते.

सहीचा विषय मी रोज काढायचे. ती रोज म्हणायची, "बुधवारी." गुरुवारी सकाळी दहाला मुलाखत. काकांनी नोटरीला बुधवारी पाचची वेळ सांगून ठेवली. "पाचनंतर तो थांबत नाही," त्यांनी बजावलं.

*

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीनलाच गेले. मावशी तयार होती. धुतलेले कपडे, केस चापून बसवलेले. चहा टाकू लागली तशी मी म्हटलं, "मला नको. सकाळपासून पोटात जरा दुखतंय."

"कुठं?"

"इथं. उजवीकडं. काही नाही हो, मुलाखत झाली की बघते."

तिनं गॅस बंद केला. पातेलं तसंच ठेवलं. वळली तेव्हा तिचा चेहरा मी गेल्या आठ दिवसांत पाहिला नव्हता असा होता.

"चल."

"कुठं? नोटरीकडं जायला अजून अवकाश आहे."

"दवाखान्यात."

मी हसले, समजावलं, शेवटी चिडले. ती माझं मनगट धरून जिना उतरत होती. एवढ्याशा म्हातारीच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. रस्त्यावर लोक बघायला लागले म्हणून मी गप्प चालले.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

मावशी माझ्याकडं वळली. "तुझं कागदावरचं नाव काय गं? सासरचं सांग. आणि माहेरचंपण सांग." आणि त्या मुलीला, "दोन्ही लिहा हो. दोन्ही लिहा."

"आजी, एकाच नावाची जागा असते."

"मग शेजारी लिहा. कडेला लिहा. पण लिहा."

मुलीनं कडेला लिहिलं. आम्ही बाकावर बसलो. आमच्यापुढं एकवीस जण होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होते. चार वाजले. सव्वाचार.

"मावशी, पाचला नोटरी बंद करतो. उद्या दहाला मुलाखत आहे. ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. मला काही झालेलं नाही."

"तीपण हेच म्हणाली."

तिचे हात मोकळे होते. सुई नाही, शर्ट नाही. बोटं एकमेकांत अडकवून ठेवली होती.

"गुरुवारी दुखायला लागलं तिला. स्वयंपाक करताना म्हणाली, आई, दाखवून येऊ का? मी तिथंच बसले होते, त्या खुर्चीत. मी म्हटलं, अगं, भरती करून घेतलं तर? तारीख चुकेल. दोन वर्षं थांबलीस, चार दिवस काढ. सोमवार होऊ दे. आणि काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, बस, पुढचा प्रश्न." तिनं बोटं सोडवून पुन्हा अडकवली. "बसली बिचारी. एक हात पोटावर ठेवून उत्तरं देत होती. एक चुकलं नाही. शनिवारी आणली इथं, तोवर आत फुटलं होतं."

मी घड्याळाकडं बघायचं सोडलं.

डॉक्टर तरुण होती, दमलेली. पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, म्हणाली, "रिकामं पोट आणि काळजी. जेवा वेळेवर."

"फोटो काढा आतला," मावशी म्हणाली.

"गरज नाही, आजी."

"गरज नसताना काढा. रक्तपण बघा. मी इथून हलणार नाही."

सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं. रिपोर्ट आले तेव्हा साडेसहा वाजले होते. सगळं नीट होतं. "नक्की ना? पुन्हा एकदा बघा," असं मावशीनं तीनदा म्हटलं. डॉक्टरनं तिन्ही वेळा पाहिलं, हे तिचं मोठेपण. मग मावशी बाहेर येऊन बाकावर बसली आणि उठेचना. मी तिच्या शेजारी बसून राहिले. लोक येत-जात होते. मला नोटरी आठवत नव्हता असं नाही. पण उठा म्हणायचा धीर झाला नाही.

काकांना फोन केला तेव्हा ते आधी ओरडले, मग म्हणाले, "सकाळी सातला आणा त्यांना. मी नोटरीला घरून उचलून आणतो."

*

पहाटे नवऱ्याचा फोन आला. दवाखान्यात गेले होते म्हटल्यावर ते मला पुढं बोलूच देईनात.

"दाखवलंस ना? नीट दाखवलंस? तारीख गेली खड्ड्यात, तू आधी—"

"काही नाहीये मला. मावशींनी सगळं तपासून घेतलं."

मग एकदम, कुणी मागून ढकलल्यासारखे बोलायला लागले. "तिनं मला फोन केला होता. त्या गुरुवारी. म्हणाली, पोटात दुखतंय, काय करू? मी म्हटलं, चार दिवस काढ. इकडं आलीस की चांगल्या डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं असं. तिच्या आईला हे माहीत नाही. कसा फोन करणार मी त्यांना?"

मी पलंगावर बसले होते. पलीकडच्या खोलीत वहिनीचा गजर वाजला आणि बंद झाला.

मावशी ठरल्याप्रमाणे खाली रस्त्यावर येऊन उभी होती. आम्ही चालायला लागलो. दुकानं उघडायची होती, झाडणारे झाडत होते. सांगावं की नाही, हे मला कोपऱ्यापर्यंत ठरवता आलं नाही. कोपऱ्यावर मी सांगून टाकलं.

ती थांबली. "त्यालाही विचारलं होतं?"

"हो."

"आणि तो काय म्हणाला?"

"चार दिवस काढ."

"चार दिवस काढ," ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून बाहीनंच पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे दोघांची उत्तरं जुळली."

मला वाटलं ती आता परत फिरेल. तिनं माझा दंड धरला आणि चालायला लागली.

नोटरीचे केस ओले होते आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. त्यानं कागद वाचून काढला.

"या दोन्ही नावांची बाई एकच?"

"एकच," मावशी म्हणाली.

"तुमची कोण?"

"मुलगी."

"हयात आहे?"

काका मशीनशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. नोटरीनं कंटाळून पुन्हा विचारलं, "आजी, मुलगी हयात आहे का?"

"नाही," ती म्हणाली. मग त्याला ऐकू गेलं नसेल अशा समजुतीनं मोठ्यानं, "नाही."

तिनं सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, प्रत्येकाच्या शेवटी पेन किंचित आत वळवलेलं. मग शिक्का बसला. बाहेर आल्यावर म्हणाली, "जा आता. तोंड आवळून बसू नकोस." आणि मागं न बघता घराकडं वळली.

*

मुलाखत बारा मिनिटं चालली. काचेपलीकडं एक बाई होती, वयानं माझ्याएवढी. कुशीचं विचारलं नाही, खिडकीचं नाही, भोपळ्याचं तर नाहीच. लग्न कधी, कुठे, साक्षीदार कोण. मग तिनं दोन्ही नावांचे कागद शेजारी शेजारी ठेवले, वर प्रतिज्ञापत्र ठेवलं आणि सावकाश वाचलं.

"पतीची पहिली पत्नी कशानं वारली?"

"पोटाच्या दुखण्यानं. वेळेवर दाखवलं नाही."

"तुम्ही तिला ओळखत होता?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण तसं बोलवेना. "तिच्या आईला ओळखते," मी म्हटलं.

बाईनं माझ्याकडं पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मिळाला.

नवऱ्याला कळवलं. भावाला कळवलं, मागून वहिनी आनंदानं काहीतरी बोलली. मग मी मावशीकडं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ती तिच्या खुर्चीत होती, समोर शर्ट पडला होता, पण हातात घेतलेला नव्हता.

"झालं?"

"झालं."

"पहिल्यापासून सांग."

मी समोर बसले आणि सांगायला लागले. फाटकावर पिशवी कशी तपासली, कितवा नंबर होता, खिडकी कोणती. ती मधे मधे मान हलवत होती. पहिला प्रश्न सांगितला.

"मग? ती काय म्हणाली?"

"ती म्हणजे, त्या काचेपलीकडच्या बाई? त्या काही नाही म्हणाल्या, त्यांनी पुढचा—"

मावशी माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या जरा मागं, दाराच्या बाजूला कुठंतरी बघत होती. मी बोलायची थांबले. मग खुर्ची थोडी पुढं सरकवली.

"ती म्हणाली, लग्न इथंच झालं, याच गावात," मी सांगितलं. "अजिबात अडखळली नाही. त्यांनी विचारलं, नवरा काम काय करतो? ती म्हणाली, लिफ्टचं. ताठ बसली होती. कागद मागतील तसा एकेक देत होती. छत्तीसच्या छत्तीस होते."

"एक कमी नसणार," मावशी म्हणाली.

"एक कमी नव्हता. बाईंनी सगळे पाहिले आणि म्हणाल्या, ठीक आहे, जाऊ शकता."

"मग?"

"मग ती उठली. कागद नीट गोळा केले, फाइलीची गाठ मारली. आणि बाहेर आली."

मावशीनं समोरचा शर्ट ओढून मांडीवर घेतला. काजाची जागा अंगठ्यानं चाचपून पाहिली.

"बाहेर ऊन होतं?"

"होतं," मी म्हटलं. "छान पडलं होतं."